परसातला मैल्याचा नळ

ही हकीकत सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. घरात कुणी जुन्या देवासच्या गोष्टी काढल्या की मी दोन पात्यांबद्दल सांगायचो. एकाच गावात दोन राजे, रस्त्याच्या या बाजूला थोरल्या पातीचा शिपाई, त्या बाजूला धाकटीचा. मुलं हसायची आणि मी विषय तिथंच संपवायचो. परसातल्या नळाची गोष्ट निघाली की मात्र मी पाणी प्यायला म्हणून उठायचो. ती गोष्ट आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे, पण चुकीची. बरोबर ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

संस्थान विलीन झालं तेव्हा बाबा थोरल्या पातीच्या देवस्थान खात्यात कारकून होते. कुठल्या देवळाला किती तेल, कुठल्या उत्सवाला कोणता पुजारी, विटाळ झाला तर शुद्धी कशी करायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नवं सरकार आलं आणि त्यांचं खातंच राहिलं नाही. कचेरीत हिंदी आली. बाबा घरी बसले. पगडी खुंटीवर गेली आणि देवपूजा, जी आधी तासाभराची असे, ती अर्ध्या सकाळची झाली. आता त्यांचा अंमल चालण्यासारखी तेवढीच एक जागा उरली होती.

घरी बसल्यावर त्यांनी दुसरी गोष्ट केली, ती म्हणजे पाण्याचा संडास बांधला. आमच्या गल्लीत तेव्हा सगळीकडे टोपलीचे संडास होते. आमचा पहिला. शेजारचे लोक येऊन बघून जात, बाबा बादलीभर पाणी ओतून दाखवत. न्हाणी आणि संडास यांचं पाणी चिनी मातीच्या नळांतून जमिनीखालून परसात जाई आणि परसाच्या टोकाला झाकलेल्या खड्ड्यात पडे. उतार मिळावा म्हणून मिस्त्रीनं हा नळ देवघराच्या मागच्या भिंतीलगत नेला होता. बाबांनी त्यावर बरेच दिवस विचार केला आणि मग जमिनीत दोन हात खोल असलेल्याचा विटाळ वर येत नाही, असा निर्णय दिला. निर्णय तेच मागत, तेच देत.

नळाच्या वळणावर विटांची एक चौकोनी हौदी होती. मिस्त्री तिला चेंबर म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. वर दगडी फरशी, फरशीला लोखंडी कडी. तुंबलं तर उघडायला. आई त्या फरशीवर पाऊलसुद्धा ठेवत नसे, वळसा घालून तुळशीकडे जाई.

माझ्याकडे घरातलं एकच काम होतं. पूजा झाली की आदल्या दिवशीचं निर्माल्य टोपलीत घालून गावातल्या मीठा तलावात सोडून यायचं. ते कचऱ्यात टाकायचं नाही, पायदळी येऊ द्यायचं नाही. नेताना पायात वहाण नाही, वाटेत कुणाला शिवायचं नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, इंटरला नापास झालो होतो आणि हिंदी टायपिंगच्या वर्गाला जात होतो. त्या वर्गातली मुलं तलावाच्या वाटेवर सायकली लावून उभी असत. पहिल्यांदा मला अनवाणी, हातात टोपली धरून जाताना त्यांनी पाहिलं, तेव्हा एकजण ओरडला, "अरे पंडतजी, परसाद तो देते जाओ!" दुसऱ्या दिवशी वर्गात मला पंडतजी हेच नाव पडलं.

परसाच्या दारातून बाहेर पडायला चेंबरच्या बाजूनंच जावं लागे. फुलं गटारात टाकली असती तर कुणी ओळखली असती, परसात पुरली असती तर आईला दिसली असती. घरातला कुणीही माणूस कधीही उघडणार नाही अशी जागा एकच होती. मी कडीत सळई घालून फरशी उचलली, टोपली उलटी केली, फरशी बसवली, हात धुतले आणि चपला घालून वर्गाला गेलो. पहिल्या दिवशी दोनदा मागं वळून पाहिलं. पुढं नाही.

आता वहिनींबद्दल सांगितलं पाहिजे. दादाचं लग्न होऊन दोनएक वर्षं झाली होती. वहिनी धारच्या. वडील शाळामास्तर, घर मुंज तलावाच्या बाजूला. त्या बोलायला तिखट होत्या आणि हसायला मोकळ्या. आमच्या घरात दोन्हीची सवय नव्हती. देवांसाठी कापसाची वस्त्रं त्या करत. आमच्याकडे वस्त्राच्या मण्यांना नुसतं कुंकू लावायची पद्धत. वहिनी एक मणी कुंकवाचा, एक हळदीचा असं करत. "धारचं राज्य आलंय आमच्या देवांवर," असं आई म्हणायची, पण वस्त्रं सुरेख असत म्हणून चालवून घ्यायची.

मी बाहेर पडलो की मागच्या दाराला आतून कडी वहिनीच लावत. एकदा त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या आणि मी फरशी खाली ठेवताना त्यांना दिसलो.

"अगबाई भावोजी," त्या म्हणाल्या, "तलाव फारच जवळ आला की हो!"

मी गयावया केली. "वहिनी, बाबांना सांगू नका."

"मी कशाला सांगू? पण उद्यापासून जा. देवाची फुलं आहेत ती, भाजीचे देठ नाहीत."

मी एक-दोन दिवस गेलो. मग पुन्हा चेंबर.

श्रावण आला. बेलाचे ढीग, दूर्वा, हार, हारांचे दोरे, अक्षता, मंगळागौरीची पत्री. टोपली शिगोशीग भरायची. न्हाणीतलं पाणी सावकाश जायला लागलं. मग देवघराच्या मागच्या भिंतीला ओल धरली आणि वास यायला लागला. बाबा धूप वाढवत गेले. शेवटी एका सकाळी ते आंघोळीला बसले असताना मोरीतून घाण पाणी उलटं वर आलं. ते तसेच ओलेत्यानं बाहेर आले. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि त्या क्षणी सगळं समजलो. वहिनींनी मला एकदा पाहिलं होतं, पण आता मी तलावावर जातो असंच त्या समजत होत्या; बाकीच्यांना काहीच ठाऊक नव्हतं. घरात मी एकटा असा होतो की ज्याला फरशीखाली काय आहे ते माहीत होतं, आणि फरशी उघडेपर्यंत मला तिथंच उभं राहायचं होतं.

नगरपालिकेचा सफाईवाला आला. त्याला मागच्या दारानंच आत घ्यायचं, आम्ही सगळ्यांनी दूर तुळशीपाशी थांबायचं. त्यानं फरशी सरकवली, आधी बांबूची कामटी घालून पाहिली, मग खांद्यापर्यंत हात घातला. आमच्या घाणीत त्याचा हात होता आणि तो तिथं माझ्यामुळं होता, हे मला तेव्हा सुचलंही नाही. त्यानं ओढायला सुरुवात केली तसं दोरखंडासारखं काहीतरी बाहेर येऊ लागलं. हारांच्या दोऱ्यांत कापूस गुंतलेला, कापसात पानं आणि फुगलेले तांदूळ. तो ओढतच राहिला.

"भिया," तो बाबांकडे बघून माळवीत म्हणाला, "यां तो आखो मंदर भर्यो है."

बाबा पुढं आले. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या चेंबरच्या काठाशी उभे राहिले. खालचं सगळं कुजून काळं झालं होतं, पण वर कालपरवाचं होतं, आणि त्यातल्या वस्त्रांवर एक मणी लाल, एक पिवळा असा ओळखू येत होता.

"हे कुणी केलं?" बाबांचा आवाज चढला नव्हता.

आई म्हणाली, "वस्त्रं तर हिच्या हातची आहेत."

"सगळ्या देवांना माझ्याच हातची असतात, आई," वहिनी म्हणाल्या. "केली मी, टाकली मी नाहीत. भावोजींना विचारा."

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. मला अजून वाटतं, त्यांना उत्तर नको होतं. त्यांना हवं होतं की हे घरातल्या रक्ताच्या माणसानं केलेलं नसावं.

"तू रोज तलावावर जातोस ना?"

"रोज जातो, बाबा." आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. "विचारा वहिनींना. माझ्यामागं कडी त्याच लावतात."

कडी त्याच लावत, हे खरं होतं. त्या खऱ्या वाक्यानं माझं खोटं पक्कं बसलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, त्यात राग नव्हता, आश्चर्य होतं. एखाद्या माणसाला इतके दिवस जेवायला वाढावं आणि तो कोण आहे ते आज कळावं, तसं.

"आजपासून हिनं देवघराकडे यायचं नाही," बाबा म्हणाले. "सोवळ्यातल्या कशालाही हात लावायचा नाही."

आई मला नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "अरे, फुलं टाकली ती टाकली. टोपलीत न मावलेलं तलावावर धाडायचा आळस केला, मी झाकलं असतं. पण वर दिराचं नाव घेते?" तिच्या लेखी तोच खरा गुन्हा होता. म्हणजे मी जे केलं होतं त्याबद्दल वहिनींना अर्धी शिक्षा होती आणि खरं बोलल्याबद्दल पुरी.

दादा कचेरीतून आला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. त्यानं मला ओसरीवर गाठलं. "माझ्याकडे बघून सांग. तू नाहीस ना?"

"दादा, शपथ."

त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

नळ नुसता साफ करून भागणार नव्हतं. तुंबलेल्या पाण्याच्या दाबानं देवघरामागचा एक सांधा फुटला होता आणि पुढच्या नळांना तडे गेले होते. सगळी ओळ उकरून नवी घालावी लागणार होती. मिस्त्रीनं न्हाणीपासून खड्ड्यापर्यंत चारी खणली. कमरेइतकी खोल, काठाला काळी चिकट माती. नवे नळ इंदूरहून यायचे होते, सिमेंट परमिटावर मिळायचं होतं. तोवर चारी तशीच उघडी. घरातलं पाणी बंद. पुरुष लोटा घेऊन गावाबाहेर जात, बायका शेजारच्या घरी. परसात जायला चारीवर दोन फळ्या टाकल्या होत्या. देवघराच्या भिंतीचा पाया उघडा पडला होता. बाबांनी देव उचलून माजघरात आणले आणि रोज त्यांच्याकडे पाठ न करता कसं जेवायचं याचा नवा निर्णय काढला.

वहिनींना माडी दिली होती. सोवळ्याच्या वाटेवर त्या येऊ नयेत म्हणून त्यांचं ताट वर जाई. माडीला एकच खिडकी, ती परसाकडे. आणि बाबांनी मला सांगितलं, "कामावर तू उभा राहा. नळ बसवताना नजर हलवू नकोस. पुन्हा असलं काही होता कामा नये."

मी दिवसभर त्या चारीच्या काठाशी उभा राहायचो. खाली मिस्त्री एका नळाचं तोंड दुसऱ्यात बसवायचा, सांध्यात डांबरात भिजवलेली सुतळी ठासायचा, वर सिमेंट लिंपायचा आणि मला बघायला बोलवायचा. वर खिडकी होती. मी खाली बघत असे, कारण वर बघता येत नव्हतं. मिस्त्री एकदा म्हणाला, "बाबूसाब, तुम तो ऐसे देख रहे हो जैसे खजाना गड़ रहा हो." मी हसलो. वरून खिडकीचं दार लागल्याचा आवाज आला.

रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगायचं. आणि रोज सांगायची किंमत वाढलेली असायची. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी फुलं टाकणारा ठरलो असतो. आज सांगितलं तर फुलं टाकणारा, बापाशी खोटं बोलणारा, भावापाशी खोटी शपथ घेणारा आणि वहिनींना माडीवर कोंडलेलं बघत खाली उभा राहणारा. उद्या आणखी एक दिवस. त्या चारीतून मला बाहेर यायला फळी नव्हती.

मग बाबांनी ठरवलं की नळ पुरा होऊन घराची शांत होईपर्यंत सुनेनं माहेरी जाऊन राहावं. पोचवायला कुणी जायचं? दादाला रजा नव्हती. सुनेला माहेरी पोचवायला धाकटा दीर जातो, ही आमच्याकडची रीत. मला सांगण्यात आलं.

देवासहून इंदूर, तिथं गाडी बदलून धार. वाटेतलं घाटाबिल्लोद येईपर्यंत वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. बाकावर एका बाजूला मी, मध्ये त्यांची पेटी, पलीकडे त्या. पुढून-मागून माणसं, कोंबड्या, गाठोडी. उठून जायला जागा नव्हती. रस्ता खराब होता आणि मला गाडी लागे, हे त्यांना माहीत होतं.

"भावोजी, खिडकीशी या," त्या म्हणाल्या.

"नको, बरा आहे मी."

"या हो. एवढं सगळं गिळून बसलात, मळमळणारच."

मी जागा बदलली. त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, "मी तुमच्यावर चिडलेली नाही असं समजू नका. चिडले आहे. पण तुमच्या बाबांसमोर तुम्ही किती घाबरता ते मी पहिल्या दिवसापासून बघते आहे. मला वाटलं होतं, घाबरत घाबरत का होईना, बोलाल." थोड्या वेळानं म्हणाल्या, "धार यायला अजून वेळ आहे. मला नको सांगायला. घरी परत गेल्यावर तिथं सांगा."

मी "हो" म्हणालो. त्यांना माझ्या "हो"ची किंमत तेव्हा कळली होती.

धारला त्यांचे वडील दारातच उभे होते. लेकीच्या सासरचा माणूस म्हणून माझे पाय धुवायला पाणी, पाटाभोवती रांगोळी, कणकेच्या उकडून भाजलेल्या गोळ्यांचे दाल-बाफले आणि लाडू. मास्तर स्वतः समोर बसले. मी पहिला घास घेतला तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं, "पाहुणे, मोकळेपणानं सांगा. आमच्या मुलीकडून काही चुकलं का?"

वहिनी तुपाची तपेली घेऊन वाढायला आल्या होत्या. तिथंच थांबल्या. मास्तर माझ्याकडे बघत होते, त्यांच्या डोळ्यांत नुसती भीती होती. मुलगी परत आली आहे की पाठवली आहे, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. माझ्या एका वाक्यानं तो माणूस त्या दिवशी सुखानं जेवला असता.

"छे, छे," मी म्हणालो. "नळाचं काम काढलंय. घरात अडचण आहे म्हणून."

वहिनींनी बाफल्यावर तूप ओतलं, भरपूर. "घ्या भावोजी," म्हणाल्या. "लाजू नका. लाजायची वेळ गेली."

मास्तरांना वाटलं, दीर-भावजयीची थट्टा आहे. ते हसले.

मी परतलो तोवर नवी ओळ पुरी झाली होती. बाबांनी चेंबर ठेवूच दिलं नाही. मिस्त्री म्हणत होता की वळणावर उघडायला जागा हवीच, नाहीतर पुढं अडलं तर सगळं फोडावं लागेल. बाबा म्हणाले, उघडायला जागा होती म्हणूनच हे झालं. हौदी विटांनी भरून वर चुना घातला. घराची शांत झाली, देव देवघरात गेले. वहिनींनी परत यावं, देवांपुढं उभं राहून कबूल करावं आणि प्रायश्चित्त घ्यावं, असं बाबांनी दादाजवळ सांगितलं. दादा धारला जाऊन निरोप घेऊन आला. वहिनींचं म्हणणं, न केलेलं कबूल करणार नाही, आणि मी खोटं बोलले असंही म्हणणार नाही. बाबांनी निर्णय मागे घेतला नाही. निर्णय मागे घेणं त्यांच्या खात्यात नव्हतं.

वर्षभर असंच लोंबत राहिलं. मग दादानं स्वतः मागून धारला बदली करून घेतली आणि तिथंच बिऱ्हाड केलं. देवासच्या घरात वहिनी पुन्हा आल्या त्या आई गेली तेव्हा. बाबा त्याआधीच गेले होते. थोरल्या सुनेच्या हातचं पाणी त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. शेवटच्या आजारपणात त्यांची घाण मी काढली, आणि त्या खोलीत आम्ही दोघंच असताना शेकडो वेळा मला बोलता आलं असतं. ते डोळे मिटून पडलेले असत. मला वाटे, आता या माणसाला कशाला. हा विचार दयेचा होता असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तो सोयीचा होता.

काळाबरोबर या सगळ्याची गंमत झाली. "देव गटारात घालणारी सून" अशी ती गोष्ट लग्नामुंजीत सांगितली जाऊ लागली. सांगणारे वाढवून सांगत. एकजण तर म्हणे की गणपतीच सापडला. वहिनी तिथं असत आणि सगळ्यांबरोबर हसत.

त्यांच्या नातवाची मुंज धारला झाली तेव्हाची गोष्ट. दादा तोवर गेला होता. पंगत बसली होती, माझ्या एका चुलतभावानं ती गोष्ट काढली आणि नव्या सुनांना रंगवून सांगू लागला. अख्खी पंगत ऐकत होती. एवढी माणसं एका जागी पुन्हा मिळायची नाहीत, हे मला समजत होतं. मी हातातला द्रोण खाली ठेवला आणि उठलो. "ते असं झालं नव्हतं," म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघू लागले. वहिनी पंगतीच्या पलीकडच्या टोकाला खुर्चीवर होत्या.

"भावोजी," त्या तिथून म्हणाल्या, "बसा. जेवणावरून उठू नये."

मी बसलो. त्यांनी सांगितलं म्हणून बसलो असं लोकांना वाटलं असेल. मला बसायला निमित्त हवं होतं. चुलतभाऊ म्हणाला, "यांना अजून पटत नाही हो, त्यांच्या वहिनींनी असं केलं," आणि पुन्हा हशा झाला.

निघताना मी पाया पडायला गेलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, मला तुम्हाला—"

"मला काय सांगणार?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच आहे. ज्यांना सांगायचं होतं ते सगळे गेले. माझे वडील गेले, तुमचे गेले. हे गेले, त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की आपल्या दोघांपैकी कुणीतरी एक खोटं बोलतंय, आणि त्यांनी ते पुन्हा कुणालाच विचारलं नाही." मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "सावकाश जा. गाडी लागते तुम्हाला."

त्या थंडीतच त्या गेल्या.

त्यांची एकटीची माफी मागून काही होणार नव्हतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ती मागायची जागा परसात होती, उघड्या चेंबरपाशी, सगळे तुळशीजवळ उभे असताना आणि बाबांनी माझ्याकडे मान वळवलेली असताना. तिथं मला एवढंच म्हणायचं होतं: "बाबा, वहिनी खरं बोलताहेत. मी टाकलं. वहिनी, मला क्षमा करा."